जाळी बोलत होती

थांबामास्तरांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. कारखान्यात, गल्लीत, अगदी सासुरवाडीलासुद्धा ते थांबामास्तरच. कारण त्यांना काहीही विचारा, पहिला शब्द ‘थांबा’. मास्तर, जेवायला येताय? थांबा. मास्तर, ट्रक दारात आलाय, माल चढवू का? थांबा. फोरमन म्हणायचा, रस्त्यावरचा बसचा थांबा एक वेळ कुणी उचलून पुढं नेईल, पण आमचा थांबा जागचा हलायचा नाही.

आता यात मास्तरांचा काही दोष नव्हता. त्यांचं कामच थांबायचं होतं. डिझेलच्या मोठ्या इंजिनात टर्बो हवा दाबून कोंबतो. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा इंजिनाला पुरत नाही, म्हणून मध्ये एक कूलर बसवलेला असतो. त्याच्या आत नळ्यांचा गठ्ठा. नळ्यांतून गार पाणी फिरतं, बाहेरून पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात आणि त्या पाकळ्यांतून हवा जाते. या गठ्ठ्याला कारखान्यात जाळी म्हणायचे. वर्षा-दोन वर्षांत जाळी तेलकट काजळीनं बुजते. मग ती उपसून इथं आणायची, रसायनात भिजवायची, हलक्या धारेनं धुवायची, वाळवायची आणि शेवटी मास्तरांच्या टाकीपाशी आणून ठेवायची. धार जोरात मारली की पाकळ्या आडव्या होतात, आणि मग मास्तर जे काही बोलत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

टाकीचं काम दिसायला अगदी सोपं. नळ्यांची दोन्हीकडची तोंडं झाकणं आवळून बंद करायची, आत हवा भरायची, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पाचावर आला की व्हॉल्व्ह बंद करून जाळी पाण्यात सोडायची. पहिली दहा मिनिटं पाकळ्यांत अडकलेली हवाच वर येत राहते. ते खोटे बुडबुडे. ते संपेपर्यंत थांबायचं आणि पाणी निवांत झालं की पुढची वीस मिनिटं डोळ्यांची पापणी न लवू देता बघायचं. एखादी नळी फुटकी असेल तर तिथून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. मग त्या नळीला दोन्ही टोकांनी पितळेचं निमुळतं बूच ठोकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

जाळी गळते, असा शब्द त्या कारखान्यात कुणी उच्चारायचा नाही. मास्तरांना काम शिकवणाऱ्या वस्तादाची ती शिस्त होती. गळणारी जाळी ‘बोलते’ आणि न गळणारी ‘गप्प’. तपासणीच्या रजिस्टरात निकालाच्या रकान्यात यांतला एकच शब्द लिहायचा आणि खाली सही. एकतीस वर्षं मास्तर तो शब्द लिहीत आले होते. त्यांनी गप्प म्हटलं की जाळी डोळे मिटून इंजिनात बसवायची, असा त्यांचा लौकिक होता आणि मास्तरांना त्याचा अभिमानही होता, तो ते लपवायचे नाहीत.

घरीही हीच भाषा. कुकरच्या झाकणातून वाफ निसटली की मास्तर बाहेरून ओरडणार, “अगं, बोलतोय तो!” मास्तरीणबाई आतून म्हणणार, “बोलू दे. या घरात कुणीतरी बोलायला हवंच.” त्यांची खरी तक्रार वेगळी होती. मास्तरांच्या खिशात नेहमी दोन-चार पितळी बुचं असायची आणि ती कपडे धुण्याच्या मशीनमध्ये जाऊन असा काही खडखडाट करायची की शेजारीण दार वाजवायची.

मास्तरांचा जिवाभावाचा माणूस एकच, त्यांचा साडू. मास्तरीणबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर तो इंजिन सांभाळायचा. दोन बहिणींचे दोन नवरे, त्यामुळे तक्रारींचा विषय एकच आणि तो कधी संपायचा नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच दोघांमधलं अहो-जाहो गळून पडलं होतं. रोज संध्याकाळी बोट धक्क्याला लागली की साडूचा मास्तरांना फोन यायचा आणि दोघं चांगला अर्धा तास खिदळत बसायचे.

हा साडू नात्यात विसराळू म्हणून प्रसिद्ध होता. छत्र्या, चष्मे, किल्ल्या यांची तर गणतीच नको. एकदा बायकोची दाढ काढायला दवाखान्यात घेऊन गेला आणि वाचायला मासिक घेतलं होतं ते वाचत वाचत एकटाच घरी परत आला. दार उघडायला बायको का येत नाही, म्हणून बराच वेळ बेल वाजवत उभा होता. ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा. पण इंजिनाच्या बाबतीत मात्र तो काहीही विसरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कूलरच्या बुडाशी एक छोटा कॉक, म्हणजे पाणी सोडायचा नळ, असतो. थंडीत हवेतलं पाणी सुटून कूलरच्या तळाशी साठतं, ते रोज काढून टाकावं लागतं. साडू रोज संध्याकाळी इंजिन बंद केलं की तो कॉक उघडायचा, पाणी काढायचा, कॉक बंद करायचा आणि मगच मास्तरांना फोन लावायचा.

त्या थंडीत फेरीबोटीच्या कूलरची जाळी धुवायला मास्तरांच्याच कारखान्यात आली. तपासणीच्या दिवशी साडू ती न्यायला स्वतः आला. मास्तरांनी जाळी टाकीत सोडली, काटा पाचावर आहे हे बघितलं, रजिस्टरात लिहिलं, आणि दोघं टाकीच्या कडेला दोन डबे पालथे घालून बसले. साडू म्हणाला, “मला काही घाई नाही हं. सावकाश होऊ दे.” हे वाक्य मास्तरांना पुढं फार छळणार होतं, कारण घाई केली असं म्हणायचीसुद्धा सोय त्यानं ठेवली नाही.

जाळीचा साबण पुरता निघाला नव्हता. पाण्यावर हातभर फेस आला होता, त्याखाली बुडबुड्यांची बारीक माळ दिसणं कठीण. एरवी मास्तरांनी धुलाईवाल्याच्या नावानं शंख करून जाळी परत पाठवली असती. पण समोर साडू होता आणि त्यानं दाढेची गोष्ट नव्यानं काढली होती. या खेपेला त्यात त्यानं दवाखान्यातल्या बाईंनी घरी केलेला फोन घातला होता, “अहो, तुमचं काहीतरी इथं राहिलंय.” मास्तर हसून हसून वाकले. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. अर्धा तास झाला. त्यांनी काट्याकडे नजर टाकली. काटा पाचावर होता.

“गप्प आहे ना?” साडूनं विचारलं.

“तुझ्यापेक्षा गप्प आहे,” मास्तर म्हणाले आणि रजिस्टरात तसा शब्द लिहून सही केली.

जाळी बोटीवर बसली. आठवड्यानं नेहमीच्या वेळी साडूचा फोन आला. मास्तर खिडकीपाशी बसून नखं कापत होते. “मास्तर, आत्ताच कॉक उघडला बरं का,” साडू म्हणाला. “आज पाणी जरा जास्तच आलं रे. नेहमी अर्धी वाटी असतं, आज चांगलं तांब्याभर आलं.”

“थंडी किती पडलीय बघ ना,” मास्तर म्हणाले. “हवेतलं पाणी सुटणारच. घाबरू नकोस, जाळी मी तपासलीय.”

“मग झालं तर,” साडू म्हणाला आणि त्यानं बायकोच्या नव्या चपलांचा विषय काढला.

जन्मभर ज्याला त्याला थांबा म्हणणारा माणूस त्या संध्याकाळी थांब म्हणाला नाही. उद्या इंजिन चालू करू नकोस, मी येऊन बघतो, एवढंच म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीआधी साडूनं इंजिन चालू केलं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं होतं. पिस्टन वर आला, पाण्यावर आदळला, त्याचा दांडा वाकला आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण फोडून बाहेर आला. उतारू अजून चढले नव्हते म्हणून बरं. साडूच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. फेकला जाऊन डोकं लोखंडी जिन्यावर आपटलं आणि आदला सबंध दिवस त्याच्या डोक्यातून पुसून गेला. पाच दिवस त्याला दवाखान्यात ठेवलं आणि मग घरी पाठवलं.

बातमी ऐकताक्षणी मास्तरांना पहिल्यांदा आठवला तो तांब्या. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली की जाळी गप्प होती, आपण तपासली होती, त्या तांब्याचा याच्याशी काही संबंध नाही. फोनचं ते कुणाला बोलले नाहीत. सांगू, पण आधी जरा थांबू, असं त्यांनी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी इंजिनातून काढलेली ती जाळी परत कारखान्यात आली. फेरीबोट कंपनीचा साहेब बरोबर होता. मास्तरांनी झाकणं आवळली, हवा भरली आणि जाळी टाकीत सोडली. खोट्या बुडबुड्यांची वाट बघायचीही गरज पडली नाही. मधल्या एका नळीतून बुडबुड्यांचा असा लोंढा उसळला की जाळी बोलते म्हणणंसुद्धा कमीच होतं. मास्तरांच्या हातातली पेन्सिल टाकीत पडली.

फोरमन हुशार होता. त्यानं साहेबांना रजिस्टर उघडून दाखवलं. “ही बघा मागची तपासणी. गप्प. आमच्या मास्तरांची सही आहे. इंजिन फुटलं त्या धक्क्यानं नळी फाटलीय, आधी धड होती.”

“मग पाणी आलं कुठून?” साहेब म्हणाले, आणि स्वतःच उत्तर दिलं, “कॉक उघडला नसणार. चार-पाच दिवसांचं साठलेलं पाणी.” त्यांनी तसं लिहून घेतलं. मास्तर टाकीत हात घालून पेन्सिल शोधत राहिले.

सगळे गेल्यावर मास्तरांनी रजिस्टर पुन्हा उघडलं, जिवाला तेवढाच दिलासा म्हणून. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं. जाळी चौदा अंश. टाकीचं पाणी चौतीस अंश. काटा सुरुवातीला पाच. काटा शेवटी पाच. निकाल गप्प. मास्तरांनी आकड्यांवर बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

कारण यात जे होतं ते फक्त त्यांनाच वाचता येत होतं. मास्तरांचे सांधे दुखतात म्हणून थंडीत टाकीचं पाणी कोमट ठेवायचे. थंड जाळी कोमट पाण्यात गेली की आतली हवा तापते आणि काटा आपोआप वर चढतो. पाचावरचा काटा त्या दिवशी साडेपाचाच्या आसपास जायला हवा होता. वस्ताद सांगायचे, काटा खाली आला तर कुणालाही कळतं, पण जिथं चढायचा तिथं चढला नाही, तर समज, चढायची हवा कुठूनतरी निघून गेली. मास्तरांनी स्वतः किती जणांना हे शिकवलं होतं. आणि त्या दिवशी त्यांनी काट्याकडे बघितलं होतं ते दोनदाच, एकदा सुरुवातीला आणि एकदा हसणं थांबल्यावर. स्थिर काटा बघून त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

जाळी बोलत होती. पहिल्या दिवसापासून बोलत होती. कुजबुजत असेल, पण बोलत होती. नंतर तांब्याभर पाणी देऊन तिनं ते दुसऱ्यांदा सांगितलं आणि साडूनं तो निरोप शब्दाला शब्द पोचवला. शेवटच्या रात्री नळी आणखी फाटली असणार आणि कॉक उघडून झाल्यावर रात्रभर कूलरमध्ये पाणी भरत राहून सिलिंडरमध्ये उतरलं असणार.

आता सांगायलाच हवं होतं. मास्तरांना ते कळत नव्हतं असं नाही. इतकं कळत होतं की घास गिळायचा नाही. पण कारखान्यात शिरलं की धुलाईवाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे म्हणायचे, “मास्तर, तुमची सही होती म्हणून आपण वाचलो.” आणि मास्तर मूग गिळून गप्प बसायचे. आज नको, उद्या सांगू. साडूला जरा बरं वाटू दे. हाताची पट्टी निघू दे. थांबायला कारण हवं असेल तर मास्तरांइतकं कुणाला सापडणार?

घरी तर आणखी छान चाललं होतं. मास्तरीणबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, “ह्यांनी तपासलेली जाळी ती. त्यात काही खोट निघणार आहे का? विसरला असेल कॉक. बायकोला विसरणारा माणूस तो, त्याला कॉकचं काय?” पूर्वी या गोष्टीला सगळे हसायचे. आता कुणी हसत नव्हतं, सगळे मान डोलवायचे. मास्तर उठून गॅलरीत जायचे.

साडू दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा पहिल्या दिवशी ठणकावून म्हणाला होता, “कॉक उघडला मी. रोज उघडतो.” मग साहेब येऊन गेले, पोलीस येऊन गेले, सासरे येऊन गेले. प्रत्येकानं तेच विचारलं आणि त्याला आदल्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणायला लागला, “उघडला असणार.” तिसऱ्या आठवड्यात, “उघडला असेल.”

रविवारी मास्तर आणि मास्तरीणबाई त्याला बघायला गेले. दोन खोल्यांचं घर. खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीत साडू, मांडीवर उशी आणि उशीवर पांढऱ्या पट्टीतला हात. गप्पा अशा काही रंगल्या नाहीत. साडेसहा वाजले तसा साडू उठला, मोरीत गेला आणि डाव्या हातानं नळ उघडला. पाणी थोडं जाऊ दिलं, नळ बंद केला, आणि हाक मारली, “अगं, बघितलंस ना? उघडला मी. बघितलंस ना?”

“बघितलं हो,” त्याची बायको, म्हणजे मास्तरांची मेहुणी, म्हणाली. ती मोरीच्या दारात उभी होती, हातातलं काम टाकून आलेली.

“रोज ह्याच वेळेला,” तिनं बाहेर येऊन बहिणीला हळूच सांगितलं. “त्यांना वाटतं, हाताला आठवेल. आणि मी तिथं नसले तर पुन्हा उघडतात. कुणीतरी बघितलेलं असायला हवं म्हणतात.”

मास्तरांना तिथं आता बसवेना. ते जायला उठले तशी साडूनं त्यांना डाव्या हातानं धरलं.

“मास्तर, तुझी माफी मागायची होती.”

“माझी?”

“दवाखान्यात पहिल्या दिवशी मी म्हणालो ना, जाळीच गळत असेल म्हणून. उगाच तुझ्या सहीवर संशय घेतला. तुला कळलं असेल, वाईट वाटलं असेल.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “आता माझी खात्री झालीय. विसरलोच असेन मी. आहेच मी तसा. गुरुवारी चौकशी आहे, तिथं कबूल करून टाकतो. इंजिनावर परत घेणार नाहीत, पण निदान हे डोक्यातलं तरी थांबेल.”

मास्तर काय बोलले ते त्यांनाही नंतर आठवलं नाही. बहुतेक ‘थांब’ म्हणाले असावेत.

सोमवारी सकाळी ते फोरमनच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले आणि रजिस्टर उघडून चौदा, चौतीस, पाच आणि पाच यांचा अर्थ सांगितला. फोनचंही सांगितलं. फोरमननं सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसला.

“मास्तर, तुम्हाला हे कुणी विचारलंय का?”

“नाही.”

“त्या साहेबाला हे आकडे कळतात का?”

“नाही.”

“मग? दोन वर्षं राहिलीत तुमची. इतकी वर्षं जे लिहिलंत त्या सगळ्याच सह्यांवर लोक बोट ठेवतील. कारखान्याचं नाव जाईल. गप्प राहा.”

दुसरा कुठलाही शब्द फोरमननं वापरला असता तर मास्तर कदाचित बधले असते. माणूस होते, घाबरलेले होते. पण तो शब्द त्यांनी हजारो वेळा स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. गप्प म्हणजे ज्यात काही फुटलेलं नाही ते.

“ती बोलत होती हो,” मास्तर म्हणाले. “मीच तिथं बसून हसत होतो.”

त्यांनी फोरमनचंच पेन उचललं, त्या दिवसाच्या ओळीतल्या ‘गप्प’वर एक रेघ मारली, शेजारी ‘बोलते’ लिहिलं, आजची तारीख घातली आणि सही केली.

“या रजिस्टरात आजवर खाडाखोड नव्हती मास्तर,” फोरमन म्हणाला.

“नव्हती,” मास्तर म्हणाले. दुपारपर्यंत त्यांना टाकीवरून काढून धुलाईला लावलं, आणि त्यांना त्यात काही अन्याय वाटला नाही.

संध्याकाळी ते एकटेच साडूकडे गेले. चपला काढल्या आणि उभ्यानंच बोलायला लागले, कारण बसलो तर बोलणं होणार नाही हे त्यांना माहीत होतं. साडू खुर्चीत होता. मेहुणी आत चहाचं बघत होती.

“कॉक तू उघडला होतास,” मास्तर म्हणाले.

“तू कशाला माझी समजूत काढतोस?”

“समजूत नाही. त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. तू म्हणालास, मास्तर, आत्ताच कॉक उघडला बरं का. आज पाणी जरा जास्तच आलं रे. नेहमी अर्धी वाटी असतं, आज चांगलं तांब्याभर आलं.”

मास्तरांनी तिथंच थांबायचं नाही असं रस्ताभर ठरवलं होतं, म्हणून ते थांबले नाहीत. “आणि मी म्हणालो, घाबरू नकोस, जाळी मी तपासलीय. मी नीट तपासली नव्हती साडू. जाळी फुटकीच होती. मी हसत बसलो होतो, काट्याकडे नीट बघितलं नाही. रजिस्टरात आज तसं लिहून आलोय. गुरुवारी तुझ्याबरोबर येतो आणि तिथंही सांगतो. तुझी बोटं माझ्यामुळं गेली.”

आता हा उठून मारेल, असं मास्तरांना वाटलं. मारलं असतं तर बरंच झालं असतं. पण साडूच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी उगवत होतं. तो खुर्चीतून अर्धवट उठला, पट्टीतला हात उशीवरून घसरला, तरी त्याला कळलं नाही.

“म्हणजे मी उघडला होता?”

“उघडला होतास.”

“अगं ए!” साडू घर दणाणेल असा ओरडला. “अगं ऐकलंस का? उघडला होता मी! मी विसरलो नव्हतो! तांब्याभर पाणी आलं होतं!” आणि तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय. अपघातानंतर या घरात कुणी हसल्याचं मास्तरांनी पहिल्यांदाच ऐकलं.

मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती हसली नाही.

“भाऊजी, हा फोन तुम्हाला कधी आठवला?”

खोटं बोलायची संधी होती. “ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवशी,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे तेवीस दिवस.” तिनं पदराला हात पुसले. “अठरा संध्याकाळी मी त्या मोरीच्या दारात साक्षीदार म्हणून उभी राहिले. आणि साक्षीदार तर तुम्ही होता.”

ती आत गेली, चहाचे दोन कप घेऊन आली, एक नवऱ्याच्या डाव्या हातात दिला आणि दुसरा मास्तरांच्या समोर न ठेवता स्वतः घेऊन भिंतीशी बसली.

साडूला यातलं काही दिसत नव्हतं. घड्याळात साडेसहा वाजून गेले तरी तो मोरीकडे गेला नाही. त्यानं मास्तरांना हाताला धरून समोर बसवलं.

“परत सांग. अगदी पहिल्यापासून. फोन वाजला, मग मी काय म्हणालो?”

मास्तरांनी सांगितलं. कॉक, अर्धी वाटी, तांब्या.

“बरं का, असं म्हणालो? आत्ताच उघडला बरं का, असं?”

“हो. बरं का म्हणालास.”

“मीच तो. मी असंच बोलतो.” साडूनं डोळे मिटले आणि ओठांनी ते वाक्य स्वतःशी म्हणून बघितलं. मग डोळे उघडले. त्याला सगळी संध्याकाळ परत हवी होती, तुकडा तुकडा जोडून, आणि ती देणारा माणूस एकच होता. “आणि मग? मग तू काय म्हणालास?”

मास्तरांनी भिंतीशी बसलेल्या मेहुणीकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

“मी म्हणालो, घाबरू नकोस,” मास्तर म्हणाले. “जाळी मी तपासलीय.”

“हां,” साडू म्हणाला, आणि खुर्ची आणखी पुढं ओढली. “आता परत सांग.”